लिपोव्केच्या सात विहिरी

वेंदेलीनकाकांशी मी सात वर्षं बोलले नाही. दुकान माझं नव्हतं, सहकारी संस्थेचं होतं; पण गल्ल्यामागे मीच उभी असायचे, आणि लिपोव्केत दुसरं दुकान नसल्यामुळे त्यांना रोज माझ्यासमोर यावंच लागायचं. ते टोपी काढायचे, “नमस्कार, ब्लाझेना” म्हणायचे. मी काळा पाव कापून कागदात गुंडाळायचे, पुढे सरकवायचे आणि पाठ फिरवून फळीवरच्या बाटल्या पुसायला लागायचे. त्या बाटल्या मी इतक्या पुसल्या की त्यांच्यावरची चित्रं उडाली. गावाला वाटायचं, ब्लाझेना वान्कोवा भयंकर रागात आहे. मीही स्वतःला तसंच सांगत असे.

हा माणूस कोण होता ते आधी सांगते, कारण आता सांगणारं फारसं कोणी उरलेलं नाही.

वेंदेलीन कोउत्नी हे मूळचे गाडीची चाकं बनवणारे सुतार. गाड्या गेल्या, ट्रॅक्टर आले, तेव्हा सामुदायिक शेतीच्या गोठ्यांची दारं ठोकू लागले. ऐकू थोडं कमी यायचं, बोलायचे त्याहून कमी. बायको आनेझ्का लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. एक्कावन्न साली आमच्या शाळामास्तरांची बदली झाली. ती का झाली हे विचारायचं नसतं अशातली ती बदली. मास्तर गावाची बखर लिहायचे. प्रत्येक गावाने बखर ठेवायचीच, हा जुन्या प्रजासत्ताकापासूनचा कायदा. आता ती कोणी लिहायची? गावसमितीचा अध्यक्ष म्हणाला, ज्याचं अक्षर बरं त्याने लिहावी. आणि अख्ख्या गावात अक्षर बरं एकाच माणसाचं होतं, जो जन्मभर लाकडावर पेन्सिलीने रेघा मारत आला होता.

बखर हातात आली आणि हा गप्प माणूस कामातून गेला. दिसेल ते मोजायला लागला. कुंपणाच्या खांबावर मुरंब्याचा रिकामा डबा ठेवून पाऊस मोजायचा. घडीच्या फूटपट्टीने बर्फ मोजायचा. स्त्राझ टेकडीवर चढायला किती पावलं लागतात, तळं कोणत्या तारखेला गोठलं, पाकोळ्या कधी परतल्या, सगळं. आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला गावातल्या सातही विहिरींत गाठी मारलेली दोरी सोडायचा. दोरीच्या टोकाला घोड्याचा नाल बांधलेला असे. आमच्या अंगणातली विहीर चौथी. मी खिडकीतून ओरडायचे, “काका, मासे लागले का?” ते नाल वर काढून ओली गाठ बघायचे आणि खाली मान घालून वहीत आकडा लिहायचे.

काकांनी बखरीचं नवं पुस्तक सुरू केलं, त्याचं पहिलं पान मला पाठ आहे. “लिपोव्का हे गाव स्त्राझ टेकडीच्या दक्षिणेला एका उथळ खोलगटात वसलं आहे. घरं अडतीस. माती दगडाळ, बटाट्याला चांगली. विहिरी सात, सर्वांना बारमाही पाणी.” पुढे इतिहास. तेराशे एकोणऐंशी साली गावाचं नाव पहिल्यांदा कुठल्याशा मठाच्या कागदात येतं. स्वीडनच्या सैन्याने गाव जाळलं. पुन्हा बांधलं. पटकीने अर्धं नेलं. पुन्हा भरलं. टेकडीच्या पायथ्याचं संत प्रोकोपचं छोटं देऊळ सोळाशे एकसष्टचं. त्याच्या स्थापनेचा कागद शेजारच्या गावी पाद्रीबाबांच्या घरात होता. बावन्न साली ते घर बटाट्याचं बियाणं साठवायला रिकामं करायचं ठरलं. काका तीन रविवार तिथे थंडीत बसून तो कागद अक्षर न् अक्षर बखरीत उतरवून आले. चौथ्या रविवारपर्यंत मूळ कागद इतर रद्दीबरोबर गाडीत भरून गेला होता.

आता आमची रीत सांगते, कारण सगळं तिच्यावरच अडलं. वर्ष संपलं की त्या वर्षाचा मजकूर जानेवारीत चौदा दिवस समितीच्या खोलीत टेबलावर उघडा ठेवायचा. कोणीही यावं, वाचावं, हरकत असेल तर सांगावी. हरकत नसेल तर खाली तसं लिहून सही करावी. खोलीत शेगडी पेटलेली असे, त्यामुळे लोक यायचेच. आपलं नाव कुठे आलंय का ते शोधायचे. एका वर्षी कुचेराच्या बोकडाने अध्यक्षाला तळ्यात ढकललं होतं. ते लिहावं की नाही यावर चौदाच्या चौदा दिवस भांडण चाललं. काकांनी लिहिलं. अध्यक्षाने “हरकत आहे” म्हणून सही केली, बोकडाच्या मालकाने “हरकत नाही” म्हणून.

सह्यांसाठी काका दरवर्षी एक वेगळं कोरं पान घ्यायचे आणि त्याची मागची बाजू मोकळीच सोडायचे. मी म्हणायचे, कागद काय तुमच्या रानात उगवतो का? ते म्हणायचे, “सहीच्या पाठीवर दुसरं काही असू नये.” पानांना छापील आकडे होते. जाड, पिवळसर पानं, शिवलेली.

त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात गावात बातमी आली की जिल्हा नळाचं पाणी देणार आहे. सगळ्यांना नाही. ज्यांची तहान मोठी त्यांना आधी. त्यासाठी जिल्हा प्रत्येक गावाच्या बखरीची त्या वर्षाची नक्कल मागवणार होता: गावाची परिस्थिती, हवापाणी, अडचणी.

मग लोक काकांच्या मागे लागले. लिहा, विहिरी आटल्यात. लिहा, रस्ता चाळीस दिवस बर्फात बंद असतो. लिहा, तरुण पोरं गाव सोडून चाललीत. काका आपली वही उघडून दाखवायचे: ऑगस्टमध्येही चौथ्या विहिरीत दोन मीटर चाळीस. रस्ता बंद सहा दिवस. गाव सोडून गेलेला एकच, तोही लग्न करून. लोक चिडायचे. कुचेरा म्हणाला, “हा माणूस आपल्याला पाणी देण्याऐवजी पाण्याचा हिशेब देतोय.”

शेवटी मी गेले. जिभेला हाड नाही अशी माझी ख्याती होती, म्हणून गावाने मला पुढे केलं असावं. खरं सांगायचं तर मला नळ हवाच होता. रोज चाळीस बादल्या ओढून माझा खांदा गेला होता. काका कामाच्या बाकावर बसून खुर्चीचा पाय घासत होते.

“काका, विहिरीतलं पाणी विहिरीतच राहील,” मी म्हणाले. “कागदावरचं तेवढं काढून टाका.”

“पहिल्या पानावर बारमाही लिहिलंय, ब्लाझेना.”

“पहिलं पान कोण बघतंय? बारा वर्षं झाली त्याला. आणि तुम्हाला काय, एकट्या माणसाला दोन बादल्या पुरतात. माझ्याकडे या धुवायला.”

त्यांनी खुर्चीचा पाय उलटा फिरवला. मग म्हणाले, “एकदा लिहिलं की मी खोडणार नाही. बखरीत खोडत नाहीत.”

“कोण सांगतंय खोडायला? सगळं गाव सही करेल. पहिली सही माझी.”

जानेवारी चौसष्टमध्ये मजकूर टेबलावर आला. पानं दोनशे नऊ आणि दोनशे दहा. सात विहिरींपैकी पाच आटल्या, दोन गढूळ. हवा दमट, धुकं फार, माती निकृष्ट, रस्ता बेभरवशाचा. वाचताना आमचे डोळे भरून आले. आपलं गाव इतकं वाईट आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. कुचेरा तर म्हणाला, “इथे राहतं तरी कोण?” सगळे हसले. पान दोनशे अकरावर मी पहिली सही केली: ब्लाझेना वान्कोवा, हरकत नाही. माझ्यामागे आणखी बावीस. काका कोपऱ्यात उभे राहून शेगडीत लाकूड सारत होते. त्यांनी कोणाकडे बघितलं नाही.

नळ आला नाही. आम्ही वाट बघून बघून विसरलो.

त्र्याहत्तर साली दुसरं काही आलं. जिल्ह्याने सगळ्या गावांची प्रतवारी केली होती: कोणती गावं वाढवायची, कोणती ठेवायची आणि कोणती हळूहळू संपवायची. पाटीवर लावलेल्या कागदात लिपोव्का शेवटच्या रकान्यात होती. “कायम महत्त्व नसलेली वस्ती.” याचा अर्थ अध्यक्षालाही लगेच कळला नाही. आम्हाला मात्र आठवड्यातच कळला. माझी झ्देना तेव्हा तेवीस वर्षांची, नवं लग्न झालेलं. आमच्या घरामागच्या वाडीत ती आणि तिचा नवरा लुबोश घर बांधणार होते. विटा येऊन पडल्या होत्या, लालभडक, चळतीवर चळती. परवानगीचा अर्ज परत आला. नवं बांधकाम नाही. जुन्याची वाढ नाही. छपराची तुळईसुद्धा बदलायची नाही. माणसं मरतील तशी घरं पाडायची.

कारणांच्या जागी एक ओळ होती: पाण्याचा कायमचा अभाव व प्रतिकूल भौगोलिक परिस्थिती, पाहा गावाची बखर, पान दोनशे नऊ.

तो कागद हातात घेऊन मी काकांकडे गेले. त्यांनी वाचला. परत वाचला. मग ते बाकावर बसले आणि हातातली पेन्सिल उगाच तासायला लागले, ती बोटाएवढी होईस्तोवर. मला त्या क्षणी त्यांची कीव यायला हवी होती. मला आली नाही. मला फक्त विटा दिसत होत्या.

त्यांनी अपील केलं. त्या दीड वर्षात ते अकरा वेळा जिल्ह्याला गेले, प्रत्येक वेळी लग्नातला कोट घालून. बस कमी केली होती, म्हणून अर्धा रस्ता चालत. कधी साहेब बैठकीत, कधी रजेवर, कधी दार चुकलं. तोवर शाळा बंद झाली. टपाल दिवसाआड यायला लागलं. म्हाताऱ्या झीमोवाबाई वारल्या आणि नवव्या दिवशी त्यांचं घर पाडलं. आम्ही रस्त्यावर उभं राहून बघितलं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरची निळी फुलं उघड्यावर आली होती. झ्देना त्या दिवशी म्हणाली, “आई, मी इथे वाट बघत म्हातारी होणार नाही.” लुबोशला शहरात कामाबरोबर घर मिळत होतं. निकालापर्यंत थांब, एवढंच मी तिला म्हटलं.

चौऱ्याहत्तरच्या ऑक्टोबरात समिती येणार असं पत्र आलं. बखर तयार ठेवावी, असंही त्यात होतं.

मी पुन्हा काकांकडे गेले. म्हटलं, ते पान फाडून टाका. चूल आहे, काडी आहे. नक्कल दाखवतील तर म्हणू, नक्कल करणाऱ्याने चूक केली.

“पानांना आकडे आहेत,” ते म्हणाले.

“आकडे गेले चुलीत. माझी पोर चालली गाव सोडून.”

“बखरीचं पान कापत नाहीत, ब्लाझेना. मग ते पुस्तक राहत नाही.”

मी त्यांना नको नको ते बोलले. तुम्हाला पोर असती तर कळलं असतं, हेही बोलले. मग त्यांनी मला शांतपणे समजावलं की विहिरींबद्दल आपण बोलायचंच नाही, देवळाबद्दल बोलायचं. तीनशे वर्षांपलीकडचं देऊळ असेल तर ते सरकारी राखणीत जातं, आणि राखणीतल्या देवळाभोवतीचं गाव पाडता येत नाही, असं त्यांनी अकराव्या खेपेला एका कारकुनाकडून काढलं होतं. कागद बखरीत होता. तो एकच धागा होता आणि त्यांनी तो जपून धरला होता.

मी विचारलं, “आणि विहिरींचं त्यांनीच काढलं तर?”

“तर बघू,” ते म्हणाले. त्यांचे हात बाकावर होते. पटाशी, रंधा, कापायची सुरी, सगळं ओळीने मांडलेलं. इतकं नीटनेटकं की मला त्याचाही राग आला.

समितीत तिघं होते. बोलणारा एकच, कॉम्रेड हाव्रानेक, चाळिशीचा, सौम्य माणूस. मी खसखशीचे गोड पाव केले होते. त्याने दोन खाल्ले आणि मनापासून कौतुक केलं. त्याचे बूट चिखलाने भिजले होते, कारण त्याने आधी सगळं गाव पायी फिरून बघितलं होतं. देऊळ बघितलं. दाराच्या कमानीवर हात फिरवून म्हणाला, छान आहे. आमच्या छातीत कुठेतरी उजेड पडला. मग परत येताना तो आमच्या अंगणातल्या विहिरीपाशी थांबला आणि कठड्यावरून वाकला.

समितीच्या खोलीत सगळं गाव होतं, उरलेलं. बखर टेबलावर होती. हाव्रानेकने ती आपल्याकडे वळवून घेतली.

“पहिल्या पानावर लिहिलंय, सर्व विहिरींना बारमाही पाणी. दोनशे नऊवर लिहिलंय, पाच आटल्या. मी आत्ताच एक बघितली, काठोकाठ आहे. मी काय समजायचं, कॉम्रेड कोउत्नी?”

बाहेर बदकं ओरडत होती. मी झ्देनाकडे बघितलं. तिने लुबोशचा हात घट्ट धरला होता. आणि मग मीच, मागच्या रांगेतून, हळूच म्हणाले, “सांगा ना, काका. पाणी आहे म्हणून सांगा.”

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्यांना पुढचं सगळं दिसत होतं. मला तेव्हा दिसलं नाही.

“मी खोटं लिहिलं,” ते म्हणाले.

“कोणाच्या सांगण्यावरून?”

“कोणाच्या नाही.”

“मजकूर चौदा दिवस लोकांसमोर असतो. कोणी हरकत घेतली नाही?”

“कोणी आलंच नाही त्या वर्षी. आमच्या लोकांना वाचायची आवड नाही.”

तेवीस सह्यांपैकी निदान पंधरा माणसं त्या खोलीत बसलेली होती. कुचेरा आपल्या टोपीकडे बघत होता. मी माझ्या हातांकडे. आणि हाव्रानेकने बोट ओलं करून पान उलटलं. दोनशे अकरा. पहिलंच नाव माझं. सरकारी दस्तात खोटं घालण्याला काय शिक्षा असते ते मला माहीत होतं, आणि दुकानाची नोकरी तर त्याच संध्याकाळी गेली असती. त्याने पानावर नजर टाकली, आणखी एक उलटलं, आणि काही न बोलता मागे बावन्न सालाकडे गेला. मला वाटलं, आळशी माणूस, देवाची कृपा. मी उठून उभी राहिले नाही. आजपर्यंतच्या आयुष्यात मी जेवढं बोलले ते सगळं परत घ्यावं आणि त्या बदल्यात तेव्हा दोन शब्द बोलायला मिळावेत, असं मला वाटत आलं आहे.

“देवळाचा हा कागद. हेही अक्षर तुमचंच?”

“हो.”

“मूळ प्रत कुठे आहे?”

“रद्दीत गेली.”

“म्हणजे ही एकच साक्ष. तुमची.” त्याने हे अगदी हळू म्हटलं, जणू त्यालाच वाईट वाटत होतं. “आणि तुम्ही आत्ताच सर्वांसमोर सांगितलंत की या पुस्तकात तुम्ही मनचं लिहिता.”

काका उभेच होते. हाव्रानेकने बखर बंद केली, काखेत घेतली आणि माझ्या पावांसाठी पुन्हा एकदा आभार मानले.

निकाल डिसेंबरात आला. त्याच्या आदल्या आठवड्यात झ्देना गेली होती. काकांना लेखी समज मिळाली, बखरीचं काम काढून घेतलं, जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात “विहिरी आटवणारा सुतार” म्हणून त्यांच्यावर एक विनोदी लेख आला. गावाने तो मोठ्याने वाचला. हो, आम्हीच वाचला, माझ्याच दुकानात. कोणीतरी दोषी लागतो आणि तो स्वतःहून उभा राहिला होता. मग आम्ही कशाला मागे राहतोय. कोणी म्हणालं, म्हातारा सटकलाय. कोणी म्हणालं, देऊळही त्यानेच मनातून काढलं असेल. पुढे पुढे लोकांना आपण सही केली होती हे खरंच आठवेनासं झालं. मला आठवत होतं. म्हणून तर मी बोलणं टाकलं. त्यांच्या “नमस्कार, ब्लाझेना”ला उत्तर दिलं असतं, तर त्यापुढे मला बाकीचंही बोलावं लागलं असतं.

सात वर्षांत अडतीस घरांची सहा झाली. विटांच्या चळतीवर खाजकुयलीसारखी चावरी पानं वाढली, मग त्यांतून एक एल्डरचं झुडूप. देवळाचं छप्पर आत कोसळलं. लिंडेनची जी झाडं दिसत होती ती सगळी तोडून ती जागा शेतात घेतली. आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला काका दोरी घेऊन निघायचे. पडलेल्या घरांच्या अंगणांतल्या विहिरींतसुद्धा नाल सोडायचे, ओली गाठ बघायचे, आणि वही नसल्यामुळे पावाच्या कागदावर आकडा लिहायचे. माझ्याच दुकानातल्या कागदावर. मी खिडकीतून बघायचे. एकदाही विचारलं नाही, मासे लागले का.

एक्क्याऐंशीच्या मे महिन्यात दुकान बंद करायचा हुकूम आला. मी फळ्या रिकाम्या करत होते. काका आले. टोपी काढली, नमस्कार म्हणाले. द्यायला पाव नव्हता. ते तरी उभेच.

“चौथी दोन मीटर पंच्याऐंशी आहे, ब्लाझेना.”

“मला कशाला सांगता?” मी म्हणाले. सात वर्षांतले माझे पहिले शब्द.

“सांगायला दुसरं कोणी राहिलं नाही ना,” ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले तरी असते. त्यांनी टोपी घातली आणि दार हळू ओढून घेतलं.

त्याच महिन्यात ते वारले. दुकान मिटताच मी गाव सोडलं होतं; तेव्हा शहरात होते, पाचव्या मजल्यावर, नळ सोडून भांडी घासत. झ्देनाने फोनवर सांगितलं. त्यांच्या घराबरोबर त्यांचे कागदही गेले असणार. विहिरी देवळाच्या दगडांनी बुजवल्या असं नंतर कळलं. सात विहिरींना पुरतील एवढे दगड होते त्यात.

एकोणनव्वदच्या अखेरीस कम्युनिस्ट राजवट गेली, दफ्तरखाने उघडले. तरी मी चार वर्षं गेले नाही. भीती जुनी होती आणि शिक्षेची राहिली नव्हती. त्या पुस्तकात माझं नाव अजून आहे आणि कोणीतरी, एखाद्या दिवशी, ते वाचेल, एवढीच. त्र्याण्णवच्या शरदात धीर करून गेले. म्हटलं, बघून तरी घेऊ. सदुसष्टाव्या वर्षी माणूस काय पळणार आहे.

तिथल्या बाईने बखर आणून दिली. जाड, पिवळसर पानं. तेच अक्षर. बोकड होता, तळं होतं, पाकोळ्या होत्या. मी थुंकी लावून पानं उलटत गेले. दोनशे आठ. दोनशे नऊ. दोनशे दहा. पुढे दोनशे तेरा.

मी मागे गेले, पुन्हा पुढे आले. मग पुस्तक उघडं करून शिवणीपाशी बोट फिरवलं. तिथे केसाएवढी कड होती, वरपासून खालपर्यंत सरळ. फाडलेली नाही. पट्टी लावून, धारदार सुरीने, एका दमात कापलेली. असं कापणारा आमच्या गावात एकच माणूस होता.

खोट्याचं पान त्याने गाव वाचवायलासुद्धा कापलं नव्हतं. ते तिथेच होतं, त्याच्या नावानिशी. कापलं होतं ते आमचं पान. हाव्रानेकने त्या दिवशी बोट ओलं करून उलटलं तेव्हा तिथे काहीच नव्हतं, आणि काकांना ते ठाऊक होतं. त्यांच्या बाकावर ओळीने मांडलेली हत्यारं मी त्याच आठवड्यात बघितली होती.

मी त्या बाईला विचारलं, या पुस्तकात एक नाव लिहायचं आहे, लिहू का? ती हसली नाही. म्हणाली, “आजी, यात आता कोणालाच काही लिहिता येत नाही.”

“एकच नाव आहे. माझं. आधी होतं तिथे.”

“नाही हो. तुम्ही फक्त ही चिठ्ठी भरा. जो वाचतो त्याला भरावी लागते.”

चिठ्ठीवर एक रकाना होता: बघण्याचं कारण. मी लिहिलं, विहिरी आटल्या असं लिहायला मी सांगितलं होतं. खाली सही केली. ब्लाझेना वान्कोवा, लिपोव्का. अक्षर लागण्याजोगं होतं.

तिने चिठ्ठी घेतली. कारणाचा रकाना तिने वाचला नाही, पत्त्याचा वाचला. मग मागे फळीवर ठेवलेली गावांची यादी चाळली आणि चिठ्ठी परत माझ्यापुढे सरकवली. म्हणाली, “इथे सध्याचं गाव लागतं, आजी. लिपोव्का नावाचं गाव यादीत नाही.”

मी पेन घेतलं, लिपोव्कावर काट मारली आणि पाचव्या मजल्याचा पत्ता लिहिला.